सर्व्हिसच्या आधीचे दोन आकडे

खळ्यावर धान्य मापताना पहिल्या पायलीला 'एक' म्हणत नाहीत, 'लाभ' म्हणतात. पुढे दोन, तीन, चार असं मोजणं चालतं आणि प्रत्येक माप पोत्यात पडताना आकडा मोठ्याने म्हटला जातो. बारामती-इंदापूरकडच्या काटेवाडी, सणसर, बेलवाडी या पट्ट्यात ऊस वाढला, मळणी यंत्रावर गेली, पायलीची जागा वजनकाट्याने घेतली, तरी जुन्या माणसांच्या कानात ती मोजणी अजून आहे. आवाज चढा ठेवायचं कारण साधं होतं. देणारा आणि घेणारा दोघंही तिथेच उभे असत. दोघांच्या कानांवर प्रत्येक मापाला एकच आकडा पडला की हिशेब जागच्या जागी पक्का होई. मोजणारा चुकला तर त्याच मापाला कळे, पोती शिवून गाडीत चढल्यावर नव्हे.

टेनिसमध्ये प्रत्येक पॉइंटच्या पहिल्या सर्व्हिसच्या आधी गुण मोठ्याने सांगायची रीत आहे, ती याच कारणासाठी. हौशी खेळात मात्र ती झपाट्याने सुटत चालली आहे. पहाटे कोर्टावर चौघं जमतात, चेंडू मारायला लागतात, दोन-तीन पॉइंट होतात आणि मग कुणीतरी विचारतं, "किती झाले?" तिथून पुढची दोन मिनिटं आठवण्यात जातात. कुणाला आपला जोरकस फोरहँड आठवतो, पण त्याच्या आधीची जाळ्यात गेलेली सर्व्हिस आठवत नाही. यात लबाडी नसते. आपण जिंकलेला पॉइंट माणसाच्या लक्षात ठळक राहतो आणि गमावलेला पुसट होतो. समोरच्याचंही तसंच होतं. दोन प्रामाणिक माणसं दोन वेगळे आकडे घेऊन जाळ्याशी उभी राहतात ती यामुळे.

टीव्हीवर टेनिस पाहणाऱ्याला हा प्रश्न दिसत नाही, कारण तिथे उंच खुर्चीवर पंच बसलेला असतो. पुण्यात बालेवाडीला २०१९ च्या महाराष्ट्र ओपनचा अंतिम सामना केविन अँडरसन आणि इव्हो कार्लोविच यांच्यात झाला. तिन्ही सेट टायब्रेकवर गेले आणि ७-६, ६-७, ७-६ असा अँडरसन जिंकला. इतक्या चुरशीच्या सामन्यातही किती झाले हे खेळाडूंना एकमेकांना विचारावं लागलं नाही, कारण ते सांगणं पंचाचं काम होतं. पण जगातलं बहुतेक टेनिस बिनपंचाचं असतं. जिमखान्यातलं, कॉलेजातलं, कारखान्याच्या वसाहतीतलं, सोसायटीतल्या एकुलत्या एका कोर्टावरचं. कनिष्ठ गटाच्या स्पर्धांतही सुरुवातीच्या फेऱ्यांत प्रत्येक कोर्टाला पंच मिळत नाही. बारा वर्षांच्या दोन मुली आपापल्या बाजूच्या रेषा स्वतः पाहतात, गुण स्वतः मोजतात आणि सामना संपल्यावर निकाल टेबलावर जाऊन सांगतात. मोठ्या माणसांच्या अनेक व्यवहारांत एवढा विश्वास टाकला जात नाही.

आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाच्या नियमपुस्तकात बिनपंचाच्या सामन्यांसाठी वेगळा भाग आहे. त्यात पहिल्या सर्व्हिसच्या आधी, समोरच्याला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने, सर्व्ह करणाऱ्याने गुण सांगावा असं स्पष्ट म्हटलं आहे. म्हणजे हा नुसता शिष्टाचार नाही, जबाबदारी आहे, आणि ती सर्व्ह करणाऱ्याची आहे. आकडा सांगताना स्वतःचे गुण आधी, समोरच्याचे नंतर. 'फिफ्टीन-थर्टी' म्हणजे सर्व्ह करणाऱ्याचे पंधरा आणि समोरच्याचे तीस. कुणी हे आकडे मराठीत म्हणतं, कुणी इंग्रजीत, त्याने काही बिघडत नाही. क्रम बदलला तर मात्र बिघडतं. नवा गेम सुरू होताना आधी गेमची संख्या सांगावी: "चार-तीन", आणि मग चेंडू उचलावा. दुसऱ्या सर्व्हिसच्या आधी काही बोलायचं कारण नाही. तेव्हा आकडा बदललेला नसतो आणि मधेच बोलण्याने दोघांचीही लय तुटते.

हे बोलणं पॉइंट संपल्यावर लगेच नको, सर्व्हिसच्या आधी हवं, यालाही अर्थ आहे. पॉइंट संपतो तेव्हा कुणी चेंडू गोळा करत असतं, कुणी घाम पुसत असतं, कुणी जोडीदाराशी बोलत असतं. त्या गडबडीत म्हटलेला आकडा हवेत जातो. सर्व्हिसच्या क्षणी मात्र समोरचा गुडघे वाकवून तयार असतो, लक्ष पूर्ण तुमच्याकडे असतं. तेव्हा ऐकलेल्या आकड्यावर तो गप्प राहिला तर ती त्याची संमती. आणि चुकीचा वाटला तर हात वर करून थांबवायला हीच योग्य वेळ. चार पॉइंट झाल्यावर "मघाशी तुम्ही चुकीचं म्हणालात" असं सांगण्यात काही हशील नसतं.

टेनिसच्या गुणांत एक सोय अशी आहे की उभं राहण्याची जागा आपोआप हिशेब तपासते. फार थोडे हौशी खेळाडू ती वापरतात, म्हणून सविस्तर सांगतो. गेमच्या पहिल्या पॉइंटची सर्व्हिस उजव्या बाजूने, दुसऱ्याची डावीकडून, तिसऱ्याची पुन्हा उजवीकडून. म्हणजे आतापर्यंत झालेल्या पॉइंटांची बेरीज सम असेल तर उजवीकडे उभं राहायचं, विषम असेल तर डावीकडे. 'तीस-पंधरा' म्हणजे दोन अधिक एक, तीन पॉइंट झाले, म्हणून डावीकडे. 'तीस-तीस' म्हणजे चार, उजवीकडे. 'चाळीस-तीस' म्हणजे पाच, पुन्हा डावीकडे. ड्यूस नेहमी उजवीकडे, ॲडव्हांटेज नेहमी डावीकडे. तुम्ही उजवीकडे उभे राहून "चाळीस-तीस" म्हणालात तर आकडा चुकला आहे किंवा जागा, दोन्हींपैकी एक नक्की, आणि हे समोरच्याला तुमच्याइतकंच दिसतं. टायब्रेकमध्येही हेच चालतं. पहिला पॉइंट एकजण सर्व्ह करतो, मग प्रत्येकी दोन-दोन. बेरीज सम असेल तर सर्व्हिस उजवीकडून, विषम असेल तर डावीकडून. बेरीज विषम झाली की सर्व्हिस समोरच्याकडे जाते आणि दर सहा पॉइंटांनी बाजू बदलते. टायब्रेकमध्ये सर्व्हिस कुणाची यावरून हौशी खेळात जेवढा घोळ होतो तेवढा दुसऱ्या कशावरून होत नाही. दोन आकडे मोठ्याने म्हटले आणि मनात बेरीज केली की तो घोळ होतच नाही.

मात्र या सोयीला मर्यादा आहे. 'चाळीस-पंधरा' आणि 'तीस-तीस' या दोन्हींची बेरीज चारच. जागा दोन्हीला तीच, उजवीकडची. म्हणून सगळ्यात जास्त वाद याच दोन आकड्यांवरून होतात. समजा सर्व्ह करणारा म्हणतो चाळीस-पंधरा आणि समोरचा म्हणतो तीस-तीस. नियम सांगतो की शांतपणे मागचे पॉइंट आठवा. ज्यांवर दोघांचं एकमत आहे ते तसेच ठेवा, वादातला तेवढाच पुन्हा खेळा. इथे सर्व्ह करणाऱ्याने किमान दोन पॉइंट जिंकले आणि समोरच्याने किमान एक, एवढं दोघांनाही मान्य आहे. म्हणून खेळ 'तीस-पंधरा'पासून, डावीकडून सुरू होईल. कुणाचा आवाज मोठा, कोण किती वर्षं खेळतो याला जागाच नाही. गेमांवरून वाद झाला तरी हाच मार्ग. चार-तीन की तीन-चार हे ठरत नसेल आणि एकाच गेमबद्दल मतभेद असेल, तर तीन-तीनपासून पुढे खेळायचं. शेवटच्या गेममध्ये ज्याने सर्व्हिस परतवली त्याने आता सर्व्ह करायचं. अमेरिकेच्या टेनिस संघटनेने बिनपंचाच्या खेळासाठी 'द कोड' नावाची वेगळी संहिता केली आहे. तिच्यात याच्याही पुढची पायरी आहे: एकमत होईल अशा आकड्यावर या, आणि तेही जमलं नाही तर नाणं उडवा. मला ही शेवटची पायरी फार शहाणपणाची वाटते. सकाळचा अर्धा वेळ वादात घालवण्यापेक्षा नाणं केव्हाही बरं.

आता ज्या गोष्टीबद्दल नियमपुस्तक काही सांगत नाही आणि आपल्याकडे जिच्यामुळे ही रीत सर्वांत जास्त अडते, तिच्याबद्दल.

आपल्या कोर्टांवर वय आणि हुद्दा बरोबर येतात. एका बाजूला पन्नाशी ओलांडलेले सर किंवा कारखान्यातले साहेब, दुसऱ्या बाजूला त्यांच्या हाताखाली काम करणारा किंवा कॉलेजात शिकणारा मुलगा. साहेब म्हणतात, "फोर्टी-फिफ्टीन." मुलाला नीट आठवतं की तीस-तीस आहेत. पण तो म्हणत नाही. "जाऊ दे, काकांना काय सांगायचं" असं म्हणून तो पुढची सर्व्हिस घेतो. हे त्याला आदराचं वाटतं. मला तो आदर वाटत नाही. काकांना खोट्या आकड्यावर जिंकू देणं म्हणजे त्यांना खेळाडू म्हणून न मोजणं. शिवाय असे गिळलेले आकडे पोटात राहतात. महिन्याभराने तोच मुलगा दुसऱ्या वेळेला खेळायला यायला लागतो आणि का, हे कुणाला कळत नाही.

यावर उपाय मोठ्यांच्या हातात आहे. ज्याचं वय किंवा हुद्दा मोठा, त्याने आकडा सांगताना नुसतं सांगू नये, विचारावं: "चाळीस-पंधरा ना रे?" या एका 'ना रे'ने मुलाला बोलायची मुभा मिळते. आणि मुलानेही "सर, थर्टी ऑल झाले बहुतेक, आधीचा तुमचा नेटला लागला होता" असं कारणासकट म्हणावं. नुसतं 'नाही' म्हटलं की वाद होतो. कुठला पॉइंट, कसा संपला, हे सांगितलं की दोघं एकाच आठवणीवर येतात. ज्या गटात मोठी माणसं हे आपणहून करतात तिथे नवी मुलं टिकतात, हे मी पाहिलं आहे.

आकडा बोलून दाखवण्याची ही रीत आपल्या मातीला परकी आहे असं कुणी समजू नये. उलट आपल्या मैदानी खेळांत बोलणं हाच नियमाचा कणा आहे. विटीदांडूत 'वकट, लेंड, मूंड, नाल' असं मोठ्याने मोजत टोले मारायचे. गावागणिक शब्दांत थोडा फरक, पण प्रत्येक आकड्याला विटी ठेवायची आणि मारायची तऱ्हा वेगळी. आकडा ऐकला की समोरच्यांना कळे की आता कोणता टोला येणार आणि खेळणारा कितीवर आहे. दांड्याने अंतर मोजतानाही मोजणी सगळ्यांच्या देखत, सगळ्यांना ऐकू जाईल अशी. मनातल्या मनात मोजणाऱ्याला पोरं सोडत नसत. 'रडीचा डाव' हा शिक्का बसला की दुसऱ्या दिवशी कुणी खेळायला घेत नसे.

खो-खोमध्ये 'खो' स्पर्शाबरोबर आणि मोठ्याने द्यावा लागतो. मुकाट दिलेला खो हा खो नाहीच. कबड्डीत चढाई करणाऱ्याच्या तोंडून 'कबड्डी'चा दम स्पष्ट आणि सलग ऐकू आला पाहिजे. तो तुटला की चढाई संपली. खो-खोच्या नियमांना आधुनिक रूप देण्याचं काम १९१४ मध्ये पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने सुरू केलं. १९०६ मध्ये स्थापन झालेल्या याच संस्थेच्या आवारात टेनिसही रुजलं आणि वाढलं. एकाच मैदानाच्या एका कडेला 'खो' आणि दुसऱ्या कडेला 'फिफ्टीन-लव्ह', अशी ही शेजारची नाती आहेत. काटेवाडीच्या किंवा निमगाव केतकीच्या शाळेत खो-खो खेळलेली मुलगी पुढे पुण्यात शिकायला जाऊन टेनिसची रॅकेट हातात घेते, तेव्हा तिला मोठ्याने बोलायला शिकवावं लागू नये. ती ते घरून घेऊनच आलेली असते. कोर्टावरच्या इंग्रजी आकड्यांनी ती बुजते आणि गप्प होते, एवढंच.

टेनिसची स्वतःची मोजणीही सुरुवातीला अशी नव्हती. मेजर वॉल्टर विंगफील्डने १८७४ मध्ये लॉन टेनिसचं पेटंट घेतलं तेव्हा खेळ पंधरा गुणांचा होता आणि गुण फक्त सर्व्ह करणाऱ्यालाच मिळत. १८७७ च्या पहिल्या विम्बल्डनने जुन्या बंदिस्त टेनिसची पंधरा-तीस-चाळीस ही मोजणी घेतली आणि तीच टिकली. बॅडमिंटनच्या सुरुवातीच्या इतिहासात पुण्याचं नाव येतं. त्या खेळात गुण सर्व्हिस ज्याच्याकडे त्यालाच, हा नियम २००६ पर्यंत होता. आता शहरांत झपाट्याने पसरलेल्या पिकलबॉलमध्ये तर दुहेरीत तीन आकडे म्हणावे लागतात: आपल्या जोडीचे गुण, समोरच्या जोडीचे गुण आणि आपण जोडीतला पहिला सर्व्हर की दुसरा. सामना 'शून्य-शून्य-दोन' असं म्हणून सुरू होतो. पिकलबॉल खेळणारे हौशी लोक हे तीन आकडे रोज न चुकता म्हणतात. टेनिसवाल्यांना दोन जड वाटायचं कारण नाही.

गुणांच्या बरोबरीने येते ती रेषेची हाक. आपल्या बाजूला पडलेल्या चेंडूची हाक आपण द्यायची, ताबडतोब आणि मोठ्याने. शंका असेल तर चेंडू आत. "बहुतेक आउट होता" याचा नियमाच्या भाषेतला अर्थ 'आत होता' असाच आहे. दुहेरीत एक जोडीदार आउट म्हणाला आणि दुसऱ्याला आत दिसला, तरी चेंडू आत, कारण शंका आलीच. प्रेक्षकांना विचारायचं नाही, आणि कुंपणापलीकडे उभ्या असलेल्या आई-बाबांनी न विचारता सांगायचं तर मुळीच नाही. मातीच्या कोर्टावर चेंडूचा ठसा उमटतो. तिथे समोरच्याने ठसा दाखवायला सांगितलं तर दाखवावा. ज्याने तो पायाने पुसला, त्याने पॉइंट सोडला असं मानतात.

स्वतःच्या विरुद्ध हाक देण्याचं सर्वांत सुंदर उदाहरण १९८२ च्या फ्रेंच ओपनचं. उपांत्य सामना, मॅट्स विलँडर विरुद्ध होसे लुईस क्लेर्क. विलँडर तेव्हा सतरा वर्षांचा. मॅच पॉइंटवर क्लेर्कचा फटका बाहेर दिला गेला आणि पंचाने विलँडरला विजयी जाहीर केलं. विलँडर पंचाकडे गेला, चेंडू आत होता असं त्याने सांगितलं आणि तो पॉइंट पुन्हा खेळायची मागणी केली. पॉइंट पुन्हा झाला, तो विलँडरनेच जिंकला आणि पुढे अंतिम सामन्यात गिलेर्मो विलासला हरवून स्पर्धाही. पंच हजर असताना, जिंकून झालेलं असताना, त्या मुलाला बोलावंसं वाटलं. आपल्याकडे तर पंचही आपणच असतो.

मोठ्या स्पर्धांत आता रेषा यंत्रं पाहतात. विम्बल्डनने २०२५ मध्ये रेषापंच पूर्ण बंद केले. त्याच वर्षी सोने कार्टल आणि अनास्तासिया पावल्युचेन्कोवा यांच्या सामन्यात यंत्रणेचा काही भाग चुकून बंद राहिला. बाहेर पडलेल्या चेंडूला हाक आलीच नाही आणि पॉइंट पुन्हा खेळवावा लागला. असली यंत्रं बारामती किंवा इंदापूरच्या हौशी कोर्टावर येणार नाहीत, आणि यायची गरजही नाही. इथे काम माणसाच्या आवाजानेच व्हायचं आहे.

म्हणून टेनिस शिकवणाऱ्यांना आणि नवी कोर्टं बांधणाऱ्या संस्थांना एक विनंती. मुलांना पहिल्या आठवड्यात सर्व्हिसची पकड शिकवता, त्याच आठवड्यात चेंडू उडवण्याआधी आकडा म्हणायला शिकवा. आकडा म्हटला नाही तर ती सर्व्हिस सरावात धरू नका. आणि कोर्टाच्या दाराशी मराठीत एक फलक लावा: सर्व्ह करणाऱ्याने गुण मोठ्याने सांगावा, स्वतःचे आधी, बेरीज सम तर उजवीकडे, विषम तर डावीकडे, वाद झाला तर दोघांना मान्य असलेल्या आकड्यावरून पुढे खेळावं, शंका असेल तर चेंडू आत. रंगाचा एक छोटा डबा आणि एक पत्रा, एवढाच खर्च आहे.